खुणेच्या दगडाच्या बोटभर खाली

बिश्केक, १९ एप्रिल

एर्मेक बायके,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी भोंग्याच्या प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या नेहमीप्रमाणे दूरच्या, भाड्याच्या मशीनवर पाठवल्या. चाचण्या पाठवणं आणि निकाल गोळा करून आणणं हे काम तुम्ही लिहिलेलं प्लगिन करतं.

२. चाचण्या चालू असताना त्यातलं एक मशीन क्लाउडवाल्यांनी मधेच काढून घेतलं. स्वस्तातल्या मशीनचं असं होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

३. त्या मशीनवरच्या चाचण्या अर्धवट राहिल्या.

४. माझ्या पडद्यावर त्या सगळ्या पास आल्या.

५. मंगळवारी मी एका जुन्या चाचणीत मुद्दाम अशी चूक घातली की ती पास होणं शक्यच नव्हतं. ती चालू झाल्यावर मशीन मी स्वतः बंद केलं. निकाल आला: पास.

हे आपल्या साहेबांना, बोलोत बायकेंना दाखवलं. ते म्हणाले, "सगळं हिरवं आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग? लोक लाल दिसलं की घाबरतात, ही बया हिरव्याला घाबरते." सगळी खोली हसली. मी जागेवर जाऊन बसले.

१ जूनला आपल्या खोऱ्यातले पाचही भोंगे चालू होणार आहेत. वरच्या सरोवराचं पाणी चढलं की सारी-कुंगोयपर्यंत ते वाजले पाहिजेत. चाचण्या झाल्या असं लिहून देणाऱ्या कागदावर सही मला करायची आहे. माझी आई म्हणजे आपा, तुमची मुलं, जेंगे वहिनी, सगळे त्या सरोवरातून येणाऱ्या ओढ्याच्या काठावर राहतात.

प्रश्न एकच. मशीन गप्प झालं तर तुमचं प्लगिन काय करतं?

सैकाल


सारी-कुंगोय, २३ एप्रिल

सैकाल पोरी,

बायके दादा, कसे आहात नाही, मुलं कशी आहेत नाही, थेट एक, दोन, तीन! तुझं पत्र मी नुरझामालला वाचून दाखवलं. तुझी जेंगे म्हणते, "ही लग्नात नवऱ्यालासुद्धा मुद्दे काढून देईल." मी म्हटलं, "आणि सही केल्याशिवाय आत घेणार नाही." आम्ही बरे आहोत. तू विचारलं नाहीस तरी सांगतो.

आता तुझं काम. ती चूक नाही, पोरी. मी ते तसंच लिहिलं होतं.

मी कंपनीत होतो त्या वर्षी भाड्याची मशीन पटापट मरत होती. दर वेळी पडदा लाल. समोर गिऱ्हाईक बसलेलं आणि बोलोतचा चेहराही लाल. शेवटी मी असं केलं की एखादं मशीन गप्प झालं तर त्या चाचणीचं शेवटचं चांगलं उत्तर पुढे करायचं. पुढच्या खेपेला खरं उत्तर येईलच, तोवर सगळ्यांना कशाला धास्तावून सोडायचं? आपल्याकडे कोणी गेलं तर आपण तरी दारातच ओरडून सांगतो का? माणसाला आत घेतो, बसवतो, चहा देतो, जरा आजारी आहे म्हणतो. मग वडीलधारं कोणी हळूच सांगतं. पडद्यालाही मी तेच शिकवलं, एवढंच.

कोडमध्ये 'साबिर' नावाचा भाग आहे. धीर. तो बंद कर. आणखी एके ठिकाणी मी काहीतरी केलं होतं, ते आत्ता आठवत नाही. माझ्या जुन्या फाइली शोधून कळवतो.

इकडे मी आता सरकारी पगाराचा सरोवर-पाहणारा झालो आहे. दर आठवड्याला घोड्यावरून वर जायचं, पाणी बघायचं, शुक्रवारी जिल्ह्याला दोन ओळी पाठवायच्या. तुमचं यंत्र १ जूनला चालू होईपर्यंत यंत्र मीच. परवाच जाऊन आलो. सरोवर शांत आहे. पाणी खुणेच्या दगडाच्या बोटभर खाली. काठावरचा बर्फ अजून निळा. घोडा लंगडतो, पण चालतो.

जेवत जा. तिकडे नुसत्या चहावर असशील.

तुझा एर्मेक बायके


बिश्केक, २८ एप्रिल

एर्मेक बायके,

तुम्ही सगळे बरे आहात हे वाचलं. मीही बरी आहे. जेवते.

साबिर बंद केला. सगळ्या चाचण्या पुन्हा पाठवल्या, मधेच एक मशीन बंद केलं. निकाल तरीही पास. म्हणजे ती दुसरी जागा खरोखर आहे. ती काय आहे हे कळल्याशिवाय या सहा महिन्यांतल्या कुठल्याच हिरव्याला अर्थ नाही.

एक गोष्ट लिहिते. तक्रार म्हणून नाही.

मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही मला लिहिलं होतं, "तुझ्या वडिलांची तब्येत जरा नरम आहे, परीक्षा झाली की येऊन जा." मी परीक्षा दिली. गाडीत बसून अंगणापर्यंत आले तर युर्टच्या गोल तंबूची लाकडं उतरवणं चाललं होतं. मला वाटलं कोणाचं तरी लग्न झालं असेल. मग आपा बाहेर आली आणि सगळ्या बायका एकदम रडू लागल्या. तुम्ही माझ्या हातात चहाचा पेला दिलात. त्या दिवशी मी किती वेळ तो पेला धरून उभी होते, तुम्हाला आठवतं का?

तेव्हा सगळे म्हणाले, एर्मेकने पोरीला सांभाळून घेतलं. असेलही. पण वडील गेल्यानंतरही काही दिवस माझ्या मनात ते जिवंत होते आणि ते आहेत असं धरूनच मी वागत होते. त्यांच्यासाठी शहरातून गरम मोजे घेतले होते. ही माहिती चुकीची होती आणि मी तिच्यावर विसंबून होते, एवढंच मला म्हणायचं आहे.

माणसाबद्दल काय करायचं ते तुम्ही मोठे ठरवा. मशीन गेलं तर मला ते गेलं असंच दिसायला हवं.

फाइल लवकर पाठवा.

सैकाल


सारी-कुंगोय, ५ मे

सैकाल पोरी,

थंडीने माझी बोटं सुजली आहेत, म्हणून मी सांगतोय आणि तुझी जेंगे टंकते आहे. माझ्या मेलच्या पेटीत आलेलं सगळं तीच वाचून दाखवते, त्यामुळे मोज्यांचं तिनेही वाचलं. ती चुलीकडे जाऊन डोळे पुसून आली. (मी पुसले नाहीत, धूर होता. – नुरझामाल)

तुला काय उत्तर देऊ? तुझ्या आपानेच मला तसं लिहायला सांगितलं होतं, आणि तिला गावातल्या म्हाताऱ्यांनी. पोर शहरात एकटी आहे, भिंतीकडे बघून रडेल, असं आम्हाला वाटलं. तू म्हणतेस तसा विचार आमच्यात कोणी केला नाही. बहुतेक तुझं बरोबर आहे.

दुसरी जागा आठवली. प्रत्येक मशीन जिवंत आहे हे कळावं म्हणून ठरावीक वेळाने एक ठोका पाठवतं, ते तुला माहीत आहे. त्या ठोक्याचंही मी काहीतरी केलं होतं. नेमकं काय, ते जुन्या लॅपटॉपवर आहे आणि तो चालू करायला वरच्या वाडीतल्या मास्तरांकडून चार्जर आणायला हवा. सरोवरावरून येताना आणतो.

उद्या सकाळी वर जातोय. ऊन अचानक वाढलं आहे, ओढ्याचा आवाज बदलला आहे. पाणी नीट बघून येतो. नुरझामाल म्हणते, "हा घोडा नेऊ नकोस, शेजाऱ्यांचा ने." मी म्हटलं, शेजाऱ्यांचा घोडा मला ओळखत नाही, रस्त्यात टाकून येईल.

आलो की लिहितो.

एर्मेक बायके


बिश्केक, १९ मे

एर्मेक बायके,

दोन आठवडे झाले, तुमचं काही आलं नाही. फोन लागत नाही. जेंगेचाही लागत नाही. वर रेंज नसते हे मला माहीत आहे, म्हणून वाट पाहिली.

फाइल मिळाली नाही म्हणून मी माझ्या बाजूने शोधलं. जे सापडलं ते असं.

एक मशीन भाड्याने घेतलं. चाचण्या चालू केल्या. मग ते मशीन नुसतं बंद न करता पूर्ण काढून टाकलं. आता ते जगात कुठेही नाही. प्लगिनच्या नोंदीत त्याचे ठोके येतच राहिले. अगदी वेळेवर. मी जेवून आले, ठोके येत होते. ते कुठून येतात हे अजून कळलेलं नाही.

दुसरं जास्त वाईट आहे. सगळ्या चाचण्या मी प्लगिनशिवाय, माझ्या समोरच्या मशीनवर चालवल्या. एक नापास झाली. पाणी हळूहळू चढलं तर भोंगा वाजतो. ते एकदम चढलं तर प्रोग्रॅमला वाटतं की मोजमापच चुकलं, आणि तो ते आकडे फेकून देतो. भोंगा वाजत नाही. ही चाचणी खऱ्या अर्थाने शेवटची कधी पास झाली ते बघितलं. तुम्ही कंपनी सोडलीत त्याच्या आधी. ती सगळ्यात लांब चालते, मधेच मशीन जातंच, म्हणून तेव्हापासून दर वेळी तोच जुना पास पुढे येत होता.

सरोवर फुटतं तेव्हा पाणी हळूहळू चढत नाही.

बोलोत बायके म्हणाले, "१ जूनला मंत्री फीत कापायला येतोय, सैकाल. तू त्याला काय सांगणार, थांबा साहेब, माझे ठोके मोजून होऊ दे?" मी म्हटलं, होय. या वेळी कोणी हसलं नाही.

ठोक्याचं तुम्ही काय केलं होतं, एवढी एक ओळ लिहा. आणि पाणी कुठे आहे तेही लिहा. इथे आम्ही पंखे लावून बसलो आहोत.

सैकाल


सारी-कुंगोय, २२ मे

सैकाल,

सरोवर शांत आहे. पाणी खुणेच्या दगडाच्या बोटभर खाली. काठावरचा बर्फ अजून निळा. घोडा लंगडतो, पण चालतो.

फाइल सापडली की पाठवतो. काळजी करू नकोस. तुझ्या आपाची तब्येत जरा नरम आहे. काम संपलं की एकदा येऊन जा.

एर्मेक बायके


बिश्केक, २३ मे

नुरझामाल जेंगे,

हे पत्र बायकेंच्या पत्त्यावर पाठवते आहे, पण लिहिते आहे तुम्हाला.

ठोक्याचं कोडं काल संध्याकाळी सुटलं. मशीनचा ठोका चुकला तर तो चुकला असं कळवायच्या ऐवजी प्लगिन स्वतःच त्याच्या नावाने ठोका पाठवतं, आणि ठोका येतोय तोवर जुनाच निकाल दाखवतं. मी जे ठोके ऐकत होते ते माझ्याच टेबलावरून येत होते. ती ओळ काढली. लगेच पडदा लाल झाला. इतकं लाल मी या कचेरीत कधी पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं.

मग मी कालचं पत्र पुन्हा वाचलं.

त्यातल्या सरोवराच्या ओळी २३ एप्रिलच्या पत्रातल्या आहेत, शब्दाला शब्द. एप्रिलमध्ये बर्फ निळा असतो. आता मेचा शेवट आहे आणि तुमच्या अंगणात जर्दाळू धरले असतील. बायकेंनी मला एकही टोमणा मारलेला नाही. मी त्यांना सांगितलं की त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचा भोंगा वाजत नाही, आणि त्यावर त्यांनी काहीच म्हटलेलं नाही. त्यांना हे वाचायला मिळालं असतं तर ते गप्प बसले नसते.

मी आपाला फोन केला. तिची तब्येत उत्तम आहे. ती कुरुतचे दह्याचे गोळे वाळत घालत होती आणि कोंबड्यांवर ओरडत होती. मी विचारलं, बायके कुठे आहेत? "वर गेलाय." घोड्यावर? "घोडा तर इथे बांधलाय," ती म्हणाली, मग एकदम म्हणाली की तिला नीट ऐकू येत नाहीये आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

मग शाळेच्या मुख्याध्यापकांना लावला. ते म्हणाले, "एर्मेक? बरा आहे, बरा आहे. वरचा पूल वाहून गेलाय ना, त्यामुळे परतायला उशीर होतोय." हे सांगताना ते फार सावकाश आणि गोड बोलत होते. वडील गेले तेव्हा सगळे माझ्याशी याच आवाजात बोलले होते.

जेंगे, मी हे मनाला लावून घेणार नाही. तुम्हाला गावातल्या मोठ्यांनी सांगितलं असणार की नक्की काही सापडेपर्यंत कोणाला कळवायचं नाही, आणि सैकालला तर पत्राने मुळीच नाही, ती शहरात एकटी असते. तुम्ही माझ्या काळजीनेच लिहिलंत. हे मला समजतं.

पण जिल्ह्याला जाणारी शुक्रवारची नोंदही तुम्हीच पाठवता आहात. मी त्यांच्याकडे चौकशी केली. १२ मे आणि १९ मे, दोन्ही वेळा बायकेंच्या पत्त्यावरून गेलं आहे: पाणी स्थिर, खुणेच्या दगडाच्या बोटभर खाली. नोंद थांबली तर लोक विचारतील, म्हणून तुम्ही ती चालू ठेवली असेल. तिथला अधिकारी मला म्हणाला, "बाई, पाहणारा माणूस स्थिर म्हणतोय आणि तुम्ही बिश्केकमध्ये बसून घाबरताय. हेलिकॉप्टर काय भाजी आणायला ठेवलंय?"

आता नीट वाचा.

वरचा पूल मी लहानपणापासून ओलांडत आले आहे. ओढ्याच्या पाण्यापासून तो माणसाच्या उंचीपेक्षा वर होता. तो वाहून गेला असेल तर पाणी बोटभर खाली नाही. बायके ५ मेला म्हणाले होते की ओढ्याचा आवाज बदलला आहे. त्यांच्यानंतर सरोवर कोणीही पाहिलेलं नाही. जिल्ह्याला ते पाहिल्यासारखं वाटतं, कंपनीला वाटतं की चाचण्या झाल्या, गावाला वाटतं की सैकालला काही माहीत नाही. कोणीच काही बघितलेलं नाही. सगळीकडून फक्त जुनी उत्तरं येत आहेत.

आज सकाळी मी सही करायला नकार दिला. बोलोत बायकेंनी माझ्यासमोर तो कागद दुसऱ्या कोणाकडे तरी सरकवला, त्यानेही केली नाही. म्हणजे १ जूनला भोंगे चालू होणार नाहीत. झाले असते तरी वाजले नसते. तुमच्या डोक्यावर सध्या काहीही पहारा नाही, हे तुम्हाला स्पष्ट कळावं म्हणून लिहिते.

मी स्वतः निघाले असते. पण खिंडीतला रस्ता दरड कोसळून बंद आहे, आणि तो कधी उघडेल हे कोणी सांगत नाही.

या शुक्रवारी हिमनद्या मोजणाऱ्यांचं हेलिकॉप्टर शेजारच्या खोऱ्यात जाणार आहे. त्या अधिकाऱ्याने शेवटी एवढं कबूल केलं की पाहणाऱ्याच्या घरून लेखी आलं की नोंदी खऱ्या नाहीत, तर तो ते आपल्या सरोवरावरून वळवेल. माझं लिहिणं त्याला चालत नाही. तुमचं चालेल. ते वर गेले तर पाणीही बघतील आणि बायकेंनाही शोधतील. ते एखाद्या मेंढपाळाच्या झोपडीत पाय मोडून पडलेले असू शकतात. तसं नसेल, तरीही त्यांना तिथून खाली आणायला कोणीतरी जायला हवं.

तोपर्यंत मुलांना आणि आपाला घेऊन ओढ्यापासून दूर, शाळेच्या वरच्या चढावर राहायला जा. शेजाऱ्यांनाही न्या. कोणी हसलं तर माझं नाव सांगा, म्हणा की शहरातली वेडी पोर मागे लागली आहे. मला त्याची सवय आहे.

तुम्हाला दुखावायचं नाही, पण मला बसवू नका, चहा देऊ नका. मी बसलेलीच आहे. दोनच गोष्टी हव्यात: बायके ६ मेला वर गेल्यापासून परत आले का, आणि त्यानंतर सरोवराचं पाणी कोणी डोळ्यांनी पाहिलं का? दोन्हींची उत्तरं मला आणि जिल्ह्याला, एकाच पत्रात, त्यांच्या नावाने नाही तर तुमच्या नावाने पाठवा.

गुरुवार, २५ मेच्या दुपारपर्यंत उत्तर द्या.

सैकाल